अक्कांची अर्धी टाकी

१५ जून २००८, रविवार. सकाळी व्हॅनची सीट कव्हरं धुऊन दोरीवर टाकली, रबरी मॅट घासून उन्हाला उभ्या केल्या. सोमवारी न्हावऱ्याचं कॉलेज उघडणार होतं. दुपारी माझ्या थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे अक्कांना, सणसवाडीला त्यांच्या मुलाकडे सोडायचं होतं. एका दिवशी दोन कामं आली की मी आधी धुणं उरकते. माणसांचं काम किती वेळ खाईल ते सांगता येत नाही.

अक्का वारल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. गावात त्यांचा विषय निघाला की बायका म्हणतात, ‘गाडी चालवायच्या त्या अक्का.’ जसं काही गाडी चालवणं हेच मोठं होतं. गाडी शिकवली तर कुणालाही येते. मला आली, यावरून समजा. अक्कांचं वेगळं काय होतं तर त्यांच्या हातात गाडीची टाकी कधी अर्ध्याच्या खाली गेली नाही. हे ऐकायला किरकोळ वाटतं. आमच्या गावात ते किरकोळ नव्हतं.

आमचं गाव वडगाव रासाई. भीमेच्या काठावर, ऊसवाल्यांचं. नव्वद सालानंतर घरोघरी गाड्या आल्या, कुणाची जीप, कुणाची जुनी फियाट, मोटारसायकली तर विचारू नका. आणि प्रत्येक गाडीची टाकी कोरडी. पैसा नव्हता म्हणून नव्हे. भरलेली टाकी दिसली की भाऊबंद गाडी मागायला येतात, आणि भाऊबंदाला तोंडावर नाही म्हणता येत नाही. त्यामुळे सगळ्यांचं एकच उत्तर ठरलेलं. ‘न्या की गाडी, तुमचीच हाय. पर तेल न्हाई बघा.’ मागणाराही समजून जायचा. त्याच्या घरी दुसरा कुणी मागायला आला की तोही हेच म्हणायचा. तेल असायचं, पण ते कॅनमध्ये, बाजेखाली नाहीतर धान्याच्या कोठीमागे. कुठं जायचं असलं की घरातून तेवढंच ओतून निघायचं. सगळ्यांना सगळ्यांचे कॅन माहीत होते. कुणी बोलायचं नाही.

अशा गावात अक्का सून म्हणून आल्या त्या दौंडहून. वडील रेल्वेत, इंजिनाच्या शेडमध्ये. अक्का सांगायच्या, ‘शेडमधनं इंजिन निघताना पाणी घेऊनच निघायचं. पुढच्या स्टेशनात पाणी मिळंल असं म्हणणारा ड्रायव्हर दादांनी कधी बघितला न्हाई.’ वडिलांना त्या दादा म्हणायच्या. सासरी येऊन त्यांची भाषा इकडची झाली, सवयी तिकडच्याच राहिल्या.

शहाण्णव साली माझ्या थोरल्या दिरांनी, भाऊंनी, एक जुनी मारुती व्हॅन घेतली. विचार भाजी वाहायचा होता. पण गावात शाळा दहावीपर्यंत, पुढे न्हावऱ्याला जायचं, आणि एसटीची वेळ कॉलेजच्या वेळेशी कधी जुळली नाही. मुलगे सायकलवर, नाहीतर उसाच्या ट्रॅक्टरला लटकून जात. मुली घरी बसत. अक्कांनी चाळिशी ओलांडल्यावर भाऊंकडूनच गाडी शिकून घेतली, लायसन काढलं आणि घरोघर जाऊन सांगितलं, ‘पोरी माझ्याबरोबर द्या. दारातनं नेईन, दारात आणीन.’ पहिल्या वर्षी तीन आल्या. पुढं सात-आठ झाल्या.

हे सोपं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं नाही. एकदा मी म्हणाले, ‘अक्का, काटा अजून अर्ध्याच्या जवळ आहे, आज कशाला भरताय?’

त्या म्हणाल्या, ‘मंदा, या सगळ्या घरांत पोरीला घरी बसवायचा विचार रोज असतो. फक्त निमित्त मिळत नाही. गाडी एकदा जरी रानात बंद पडली आणि पोरी तासभर रस्त्याकडेला उभ्या दिसल्या, की सगळ्यांना निमित्त मिळालं. मग माझी गाडी रिकामी जाईल. टाकीसकट.’

त्यांचं सगळं या एका भीतीवर उभं होतं. म्हणून सोमवारी सकाळी मुलींना सोडून झालं की पंपावर जायचं, काटा कुठेही असो. न्हावऱ्याचा एकच पंप ठरलेला. पंपावर टँकर खाली होत असला तर तिथे भरायचं नाही, तळाचा गाळ वर येतो, तासा-दोन तासांनी यायचं. इंजिन बंद, मीटर शून्यावर बघायचा, नळी आपोआप खटकन थांबली की बास. पंपावरचा माणूस आकडा गोल करायला आणखी चार थेंब कोंबू लागला की त्याचा हात धरायच्या. सकाळच्या गारव्यात पेट्रोल जास्त बसतं असं भाऊ म्हणायचे. अक्का म्हणायच्या, ‘बसत असंल नायतर नसंल. सकाळी रांग नसती, म्हणून मी सकाळी येते.’ गाडी लावायची तीही देवळासमोरच्या सपाट जागेवर. आमच्या अंगणाला उतार आहे, आणि उतारावरचा काटा खोटं बोलतो.

भाऊंना हे सगळं थोतांड वाटे. मोटारसायकलवर वाढलेला माणूस. त्यांचा रिझर्व्हवर विश्वास. काटा तळाला टेकला की त्यांना उलट हुरूप यायचा.

‘काटा पडला तरी तीस किलोमीटर जाती. कंपनी तसं ठेवूनच देती.’

‘कंपनी ढकलायला येती का?’ अक्का विचारायच्या.

एकदा पारगावच्या लग्नाला भाऊंनी गाडी नेली. मी होते, सासूबाईंची नणंद आत्याबाई होत्या, आणखी चारपाच पुरुष. अक्का घरीच राहिल्या होत्या. लग्न लागलं, जेवणं झाली, येताना भीमेच्या पुलावर गाडी दोन आचके देऊन थांबली. भाऊ शांत. मोटारसायकल अशी थांबली की आमच्याकडे ती एका अंगावर आडवी करतात. टाकीच्या कोपऱ्यातलं तेल इकडे येतं आणि पंपापर्यंत जाता येतं. तेच डोक्यात. सगळे पुरुष उतरले, दोन्ही बाजूंना उभे राहिले आणि व्हॅन गदागदा हलवू लागले. मी उतरले होते. आत्याबाईंचे गुडघे धरलेले, त्या आतच. तीनचार हिसके बसल्यावर त्यांनी खिडकीतून तोंड बाहेर काढलं.

‘अरं, मला पाखडताय व्हय रं?’

पुलावरून बैलगाडी चालली होती, तिचा मालक हसून हसून खाली बसला. शेवटी भाऊ एका ट्रकवाल्याबरोबर चौफुल्याला जाऊन कॅन भरून घेऊन आले. घरी अक्कांनी आत्याबाईंना गरम पाण्याची पिशवी दिली. मात्र त्या दिवसापासून भाऊ गाडी नेताना अक्कांना आधी विचारू लागले, आणि आणून लावताना टाकी नेली तशी भरून.

अक्का गोड होत्या असं मी म्हणणार नाही. गाडीत गाणी लावू देत नसत. मुलगी दारात नसली की हॉर्न एकदाच, मग गाडी पुढे. रडत मागे पळणाऱ्या मुलीसाठीही थांबल्या नाहीत. ती मुलगी दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी उभी. आणि गाडी मागायला कुणी आला तर त्या ‘तेल न्हाई’ म्हणत नसत. टाकी भरलेली आहे हे सगळ्या गावाला माहीत, म्हणून त्यांना खरंच बोलावं लागे. देता येत असेल तर ‘न्या’. नसेल तर ‘नाही देता येणार.’ एवढंच. कारण सांगायच्या नाहीत. लोकांना हे फार लागायचं. ‘तेल न्हाई’ ऐकून कुणाचा अपमान होत नसे. सरळ ‘नाही’ने व्हायचा. आमचे सासरे, आबा, म्हणायचे, ‘सूनबाई, चार माणसांत राहायचंय. जरा खोटं बोलत जा.’

अक्का म्हणायच्या, ‘व्हय आबा,’ आणि तसंच चालू ठेवायच्या.

त्यांचे वडील गेले त्या दिवशीचं सांगते. शनिवार होता. दौंडहून निरोप आला तेव्हा मी गोठ्यात होते. अक्कांनी साडी बदलली, किल्ली घेतली, मी शेजारी बसले, मागे सासूबाई आणि शेजारच्या दोघी. काटा अर्ध्याला टेकला होता. न्हावऱ्याला आल्यावर अक्कांनी गाडी पंपात घातली.

मागून सासूबाई म्हणाल्या, ‘अगं बाई, बाप पडलाय तिथं आन् तू तेल भरती?’

अक्का म्हणाल्या, ‘ते माझ्यासाठी थांबलेत. मी रस्त्यात थांबले तर त्यांना आणखी थांबावं लागंल.’

पुढे रांगेत तीन ट्रक होते. मला आजही वाटतं की थांबायची गरज नव्हती. त्या पेट्रोलमध्ये दौंडला जाऊन परत येणं झालं असतं. शेजारणींनी ही गोष्ट गावभर केली आणि ती बरीच वर्षं चालली. पण त्यांनी एक गोष्ट बघितली नाही, ती मी बघितली. आमची पाळी आल्यावर पंपावरचा माणूस म्हणाला, ‘ताई, मीटर बघा, शून्य हाय.’ अक्का पलीकडच्या उसाकडे बघत होत्या. तो पुन्हा म्हणाला. त्यांनी नुसती मान हलवली. मीटर मी बघितला. नंतर पाटसच्या पुढे त्या एवढंच म्हणाल्या, ‘बरोबर भरलं ना त्यानं?’

आता बारावीच्या परीक्षेचं. दोन हजार तीनचा मार्च असेल. आदल्या दिवशी अक्का भाचीच्या हळदीला केडगावला गेल्या होत्या, एसटीने. मुलींना सुट्टी होती, गाडी देवळासमोर. दुपारी आमचा चुलत दीर विलास आबांकडे आला. त्याच्या मेहुण्याला मुलगी दाखवायला न्यायचं होतं. आबांनी खुंटीवरची किल्ली काढून दिली. मी रानात होते. संध्याकाळी गाडी जागेवर आलेली दिसली, किल्ली खुंटीला दिसली. अक्का दिवेलागणीला परतल्या, जेवल्या, झोपल्या.

सकाळी त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू करण्याआधी नुसती किल्ली फिरवून काटा बघायचा ही त्यांची रीत. काटा उठलाच नाही. देवळाच्या ओट्यावर सात मुली पॅड, पेनं आणि हॉल तिकिटं घेऊन उभ्या. पहिला पेपर, म्हणून आपापल्या दारात न थांबता सगळ्या आधीच जमल्या होत्या. चार मुलींचे बापही आले होते. पहिला दिवस, म्हणून उभे होते. बघत होते.

अक्का गाडीतून उतरल्या. मला म्हणाल्या, ‘नरसाळं आण. आणि धुतलेलं फडकं.’ मुलींना म्हणाल्या, ‘आत बसा. पुस्तकं काढा.’ बापांकडे बघितलंही नाही.

पहिलं घर विलासचं. तो ओसरीवर दात घासत होता.

‘विलास, पेट्रोल दे.’

‘वहिनी, सकाळच्या पारी गरिबाची चेष्टा. तेल कुठं हाय घरात.’

‘बाजेखाली निळा कॅन हाय. मी कवा मागितला न्हाई. पर मला दिसत न्हाई असं न्हाई.’

विलास ब्रश तोंडात धरून उभा राहिला. त्याची बायको आत गेली आणि कॅन घेऊन आली. अक्कांनी झाकण काढून वास घेतला आणि कॅन परत दिला. ते फवारणी पंपाचं ऑइल घातलेलं तेल होतं. व्हॅनला चालणार नव्हतं.

पुढचं घर, त्याच्या पुढचं घर. ओसरीवर पुरुष तेच म्हणत होते, सवयीने. ‘तेल न्हाई वो अक्का, काल संपलं.’ अक्का वाद घालत नव्हत्या. ‘बरं,’ म्हणायच्या आणि तिथेच उभ्या राहायच्या. आणि मग मी जे बघितलं ते मला कधी कुणाला नीट सांगता आलं नाही. तिसऱ्या घराच्या मागच्या दाराने त्या घरातली सून डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली. हातात पाच लिटरचा तेलाचा डबा. तो माझ्या हातात दिला आणि आत गेली. चौथ्या घरातून म्हातारीने काचेच्या दोन बाटल्या पाठवल्या. बोळात एक बाई नुसती बोटाने कोठीकडे दाखवून गेली. तिचा नवरा समोर बसलेला, त्याला काही दिसलं नाही. पुढच्या दाराने नाही म्हणणाऱ्या घरांतून मागच्या दाराने पेट्रोल येत होतं.

अक्का प्रत्येकाचा वास घेत होत्या. दोन परत केले, बाकीचं फडक्यातून गाळून टाकीत ओतलं. गाडी सुरू झाली. मुली वेळेत वर्गात बसल्या. धावत नाही, चालत.

मी समजले, संपलं. अक्कांचं संपलं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी न्हावऱ्याहून कॅन भरून आणला आणि ज्यांच्याकडून जेवढं आलं तेवढं परत करायला निघाल्या. मागच्या दाराने नाही. पुढच्या. ओसरीवर चार माणसं बसलेली बघून त्यांच्यासमोर डबा ठेवायच्या. ‘मामा, सकाळी तुमच्या घरनं तेल आलं म्हणून पोरी पोचल्या. लई उपकार झाले.’ मामा मिशा चोळत म्हणायचे, ‘आता त्यात काय, पोरींचं काम.’ बाकीचे तीन मामांकडे बघायचे. मामांकडे तेल होतं हे आता चौघांत झालं होतं. आणि मामांना उपकाराचा मानही मिळाला होता, म्हणून तोंड वाकडं करता येत नव्हतं.

आबांशी त्या जेवणं झाल्यावर बोलल्या. आवाज नेहमीचा.

‘आबा, गाडी तुमचीच हाय. कुणालाही द्या. फक्त परीक्षेच्या दिवसांत द्यायची असंल तर आधी त्या सात घरी तुम्ही सांगून या, म्हंजी झालं.’

आबांनी सुपारी कातरली. मग म्हणाले, ‘किल्ली तुझ्याकडंच ठिव.’ त्यानंतर किल्ली खुंटीवर दिसली नाही. विलासशी अक्का दोन वर्षं बोलल्या नाहीत. हे मात्र मला जास्त वाटलं.

त्या परीक्षेनंतर आमच्या आळीत ‘तेल न्हाई’ म्हणणं बंद झालं. लोक ‘बॅटरी उतरलीय’ म्हणू लागले.

पुढं अक्कांची साखर वाढली आणि नजर अधू होत गेली. कुणी सांगायची वाट त्यांनी बघितली नाही. दोन हजार सातच्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी गाडी देवळासमोर लावून आल्या आणि किल्ली माझ्यापुढे ठेवली. ‘आज काटा दोनदा बघावा लागला. उद्यापासनं तू.’ मी गाडी त्यांच्याकडूनच शिकले होते. काही महिने त्या शेजारच्या सीटवर बसून यायच्या, काही न बोलता. त्या काही बोलत नाहीत म्हणजे मी बरं चालवते, असं मी धरून चालले.

तर तो रविवार. सणसवाडीत त्यांचा मुलगा कंपनीत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याच्या. डोळ्यांचे दवाखाने पुण्यात, म्हणून तिकडे राहायचं ठरलं होतं. वाटेत शिक्रापूर मागे पडल्यावर अक्का म्हणाल्या, ‘बबनरावांची सारिका यंदा बारावीला. बाप पाठवायचा न्हाई म्हणतोय.’

‘का?’

‘मी न्हाई म्हणून.’

‘मग मी काय करू?’

‘ते मला काय विचारती? गाडी तुझ्याकडं हाय.’

चाळीच्या जिन्यासमोर एका परप्रांती कामगाराने मोटारसायकल आडवी लावली होती. मी पिशव्या वर ठेवून खाली आले तर अक्का हाताने चाचपून तिची सीट धरून उभ्या, आणि वरच्या गॅलरीकडे तोंड करून म्हणत होत्या, ‘भैया, गाडी ऐसी आडवी नको लगाव. किसीको रात-बेरात जाना पडेगा तो?’ वरून तो पोरगा ‘आया माताजी, आया’ म्हणत धावत आला. अक्का तिथून हलल्या नाहीत. त्याने गाडी सरळ लावेपर्यंत उभ्या होत्या. मी निघते म्हणाले तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘नीघ. उजेडात पोचशील.’ मला त्या शेवटच्या दिसल्या त्या अशा. त्याच वर्षी दसऱ्याच्या आधी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढायच्या आधी चालत बबनरावांकडे गेले. ते गोठ्यात होते. सारिका चुलीपाशी, कॉलेजचा ड्रेस घातलेला, मान खाली.

‘वहिनी, तुमच्यावर राग न्हाई,’ बबनराव म्हणाले. ‘अक्कांची गोष्ट निराळी व्हती. बारा वर्षांत एकदा गाडी थांबली न्हाई. तुमचं आम्हाला काय ठावं?’

‘खरंय,’ मी म्हणाले. ‘मग आज तुम्ही पण चला. बघा.’

त्यांना वाटलं होतं मी भांडेन. त्यांनी धारेची बादली बाजूला ठेवली. मग पायात चपला घातल्या. देवळापाशी येऊन ते पुढच्या सीटवर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, पाहुण्यासारखे. सारिका मागे बसली. बाकीच्या मुली आपापल्या दारातून चढल्या आणि पुढे बबनरावांना बघून गपचूप बसल्या.

न्हावऱ्याला मुली उतरल्या. बबनराव उतरले नाहीत. सोमवार होता, म्हणून काटा अर्ध्याच्या वर असतानाही मी गाडी पंपावर घातली, आणि मीटरचं शून्य बबनरावांनीही वाकून बघितलं. दारात गाडी थांबवली तेव्हा मी विचारलं, ‘उद्या?’

‘उद्या पोरगी येईल की,’ ते दार उघडत म्हणाले. ‘मला रानात कामं हायेत.’